ठाण्यात पोर्तुगीज-इंग्रजांच्या काळातलं काही उरलंय का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात राहून दोन वर्षं झाली, तलाव आणि टॉवर सोडून जुनं काही दिसलं नाही. मुंबईच्या फोर्टसारखं इथे काहीच कसं नाही?

आहे. सगळ्यात मोठी वास्तू तर तुम्ही रिक्षातून जाताना नक्की पाहिली असेल, फक्त तिच्याकडे वास्तू म्हणून कुणी बघत नाही. सेंट्रल जेल! मीही शाळेत असताना त्या भिंतीकडे "आत चोर असतात" एवढ्याच भावनेनं बघायचो.

तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, आणि काम पुरं होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पोर्तुगीज साष्टी (ठाणं ज्या बेटावर आहे ते) परत घ्यायला आरमार पाठवतायत अशी कुणकुण लागली, म्हणून ही घाई.

मला या किल्ल्याची सगळ्यात आवडती गोष्ट त्रिंबकजी डेंगळ्यांची. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका ठेवून दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी इथे डांबलं. खबरदारी म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा. नेमकी तीच चूक! एक मोतद्दार घोड्याची देखभाल करता करता खिडकीखाली मराठीत गाणी म्हणायचा, आणि घोडा कुठे तयार आहे, माणसं कुठे दबा धरून आहेत हे सगळं त्या गाण्यांत असायचं. पहारेकऱ्यांना मराठी कुठली कळायला? सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. नऊ वर्षांनी कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर ठाण्यात आला, तेव्हाही ही हकीकत लोकांच्या तोंडी होती आणि त्यानं ती लिहून ठेवली. त्याच फेरीत, १८२५ मध्ये, त्यानं इथल्या इंग्रजांच्या सेंट जेम्स चर्चचा अभिषेक केला. तेही चर्च आहे अजून, छोटंसं.

पुढे किल्ल्याचं रीतसर जेल झालं. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये इथेच फाशी दिली. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांनाही, १९ एप्रिल १९१० ला. म्हणून ही नुसती 'गोऱ्यांची इमारत' म्हणून सोडून देण्यासारखी नाही, असं माझं मत. आणि खरं सांगू? जेल झालं म्हणूनच ती टिकली. मोकळी असती तर या महागड्या जमिनीवर एव्हाना काय उभं राहिलं असतं, ते तुम्हीच ओळखा.

बाकीचं जे उरलंय तेही वापरात आहे म्हणूनच. तलावपाळीला फिरायला जाता ना? तिथल्या मासुंदा तलावाच्या काठावरचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च मूळ पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांचं, १६व्या शतकातलं. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. टेंभी नाक्याचं सिनेगॉग १८७९ चं, ते मात्र सरकारनं नाही, इथल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी बांधलं.

स्टेशनात मात्र शोधू नका. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली हे खरं, पण आजच्या फलाटांवर त्या दिवसाचं काही दिसत नाही. त्यापेक्षा जेलच्या बाहेरून एक चक्कर मारा. आत सोडत नाहीत, आणि फोटो काढायच्या आधी गेटवरच्या शिपायाला विचारा.