उन्हाळ्याची बेगमी : वाचक विचारतात

मार्चअखेर आलेल्या पत्रांत परसबाग आणि घरची साठवण हे दोन विषय एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे केले नाहीत. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांकडं भाजीच्या वाफ्याचा प्रश्न आधी बादल्यांचाच असतो.

प्रश्न : नळाला दर सहाव्या दिवशी पाणी येतं. घरात पाच माणसं. किती साठा धरावा? त्यातून परसात १० बाय १० फुटांचा भाजीचा वाफा निभेल का? (म्हसवड)

उत्तर : पिण्या-स्वयंपाकाचं आणि वापराचं अशी दोन खाती करा. पिण्या-स्वयंपाकाला उन्हाळ्यात माणशी ८ लिटर धरा. पाच माणसांना सहा दिवस म्हणजे २४० लिटर. पाणी एक-दोन दिवस लांबतंच, त्यासाठी आणखी ८०. हे ३२० लिटर झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात ठेवा. त्यात तांब्या बुडवायचा नाही. वापराला हात आखडून माणशी ३० लिटर, म्हणजे सहा दिवसांचे ९०० लिटर. हजार लिटरच्या टाकीत ते बसतात.

आता वाफ्याचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हावाऱ्यात भरल्या वाफ्यातून दिवसाला ६-७ मिलिमीटर पाणी उडून जातं. १० बाय १० फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साठएक लिटर. तेवढं तुमच्याकडं नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं आणि आंघोळीचं कमी साबणाचं पाणी धरून रोज २० लिटर निघतील. त्यावर ४ बाय ८ फुटांचा वाफा निभतो. उरलेली जागा यंदा पडीक ठेवा. अर्धवट भिजलेल्या मोठ्या वाफ्यापेक्षा नीट भिजलेला छोटा वाफा जास्त भाजी देतो.

वाफ्यावर उसाचं पाचट तीन इंच जाड पसरा, रोपाच्या खोडापासून चार बोटं लांब. पाचट मातीत मिसळू नका. ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात; वर पसरलेलं असेल तर हा त्रास होत नाही. आठवड्यातून एकदा पाचट उचलून वाळवी बघा, आणि घराच्या भिंतीला किंवा लाकडी चौकटीला ते टेकू देऊ नका.

पिकं : गवार, भेंडी, चवळी, राजगिरा. गवारीला पाणी आणि शेणखत जास्त झालं की नुसता पाला माजतो, शेंगा उशिरा लागतात. कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर जाते. हवीच असेल तर भिंतीच्या पूर्वेला, दुपारच्या सावलीत लावा.

प्रश्न : पुरलेल्या माठातून पाणी हळूहळू पाझरून रोपांच्या मुळांना मिळतं असं वाचून घरातले दोन जुने माठ वाफ्यात गळ्यापर्यंत पुरले. आठ दिवस झाले, पाणी बोटभरसुद्धा उतरलं नाही. भोवतीची वांगी सुकायला लागलीत. काय चुकलं? (जत)

उत्तर : माठ चुकला. पाणी गार करत नाही म्हणून बाजूला टाकलेला माठ असणार. माठात पाणी गार होतं ते पाझरून बाहेर उडाल्यामुळं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बसून छिद्रं बुजली की माठ पाझरत नाही, म्हणून गारही करत नाही. तोच माठ जमिनीत गेला तर तिथंही पाझरणार नाही. रंग दिलेला किंवा आतून चकाकी असलेला माठही बाद.

पुरण्याआधी परीक्षा घ्या. माठ भरून सावलीत ठेवा. दोन-तीन तासांत बाहेरून सगळीकडं ओलसर, हाताला गार लागला तर कामाचा. एकाच जागी धार लागत असेल तर त्याला चीर आहे. बुजलेला माठ वाचवायचा तर आतून-बाहेरून काथ्यानं कोरडा घासा. मग पाण्यात चौथा हिस्सा व्हिनेगर घालून रात्रभर भरून ठेवा, सकाळी पुन्हा घासा आणि दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. तरी पाझरला नाही तर नवा आणा.

८ ते १० लिटरचा, पातळ अंगाचा, बिनरंगी माठ घ्या. खड्डा माठाच्या दुप्पट रुंद खणा. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा. माठ ठेवून भोवतीनं ही माती ओली करत, हातानं दाबत भरा. इथं पोकळी राहिली तर माठाचं अंग आणि माती यांचा संबंध तुटतो आणि पाझर थांबतो. काळ्या जमिनीत ही चूक आपोआप होते : माती सुकली की भेगाळते आणि माठापासून सुटते. म्हणून माठाभोवती पाचट हवंच. गळा जमिनीच्या दोन इंच वर ठेवा आणि झाकण घाला, नाहीतर त्यात डास होतील.

ओल माठाच्या अंगापासून साधारण वीतभर पसरते. रोप चार-पाच बोटं अंतरावर, एका माठाभोवती चार-पाच रोपं. पहिले दहा दिवस मुळं माठापर्यंत पोचलेली नसतात, तेव्हा वरूनही तांब्याभर पाणी द्या. माठ अर्धा झाला की भरा. तळ गाठेपर्यंत थांबलात तर क्षार आतच बसतात. तुमची वांगी अजून हिरवी असतील तर आज संध्याकाळी वरून पाणी देऊन वाचतील.

प्रश्न : टँकरचं पाणी गढूळ येतं. तुरटी फिरवली की पिण्याजोगं होतं ना? (आटपाडी तालुका)

उत्तर : नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तरी ती आधी हवी, कारण गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. तुरटी फिरवून पाणी चार तास निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, मग टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला १ ग्रॅम. एवढं अंदाजानं मोजता येत नाही. ५० ग्रॅम पावडर काट्यावर तोलून आणा, कागदावर पसरून तिचे दहा सारखे भाग करा. एक भाग हजार लिटरचा, त्याचा पाचवा हिस्सा पिंपाचा. मगभर पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. तळाला बसतो तो चुना. तो टाकून वरचं निवळ पाणी पिंपात घाला, ढवळा आणि अर्धा तास थांबा. पुडी उघडी राहिली की पावडरीचा जोर जातो. तिला वास येत नसेल तर ती टाकून द्या. बाथरूम धुण्याच्या ॲसिडजवळ ती कधी ठेवू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

पिंपाबद्दल आणखी एक. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या अंगाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून भांडं पालथं घालून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून घासायचं, मग उन्हात कोरडं करायचं. टाकीला झाकण घट्ट नसेल तर सुती कापड दोरीनं बांधा.

प्रश्न : औद्योगिक वसाहतीत २०० लिटरचे वापरलेले निळे ड्रम स्वस्तात मिळतात. पाण्याला चालतील? (कुपवाड)

उत्तर : आधी त्यात काय होतं हे लेबलवरून किंवा विकणाऱ्याच्या बिलावरून कळलं पाहिजे. गूळपाक, खाण्याचं तेल, फळांचा रस असं काही असेल तर गरम पाणी आणि सोड्यानं दोनदा धुवून वापराच्या पाण्याला चालेल. रसायन किंवा कीटकनाशक असेल, किंवा काय होतं ते कळतच नसेल, तर भाजीलासुद्धा नको. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि ऊन लागलं की थोडं थोडं सोडतं. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नव्हे.

प्रश्न : फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालतो. पानांच्या कडा करपल्या आहेत. (कवठेमहांकाळ)

उत्तर : त्या पाण्यात बोअरचे क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी आणि संडासाला वापरा. कुंडी एकदा साध्या पाण्यानं, तळातून भरपूर निघेपर्यंत धुवून काढा. कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणीही भाजीला नको. डिटर्जंटमधल्या सोडियमनं काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न जिरणारी होते. कृष्णाकाठची चोपण रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : गच्चीवर टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. पाणी रोज भरपूर घालते, ते खालून निघतंही. (कराड)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फूल गळतं. खत वाढवून हे थांबत नाही. पश्चिमेकडून ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, कुंड्या स्लॅबवरून विटांवर उचला, फांद्या थोड्या छाटा आणि झाड जूनपर्यंत जगवा.

दुसरी गोष्ट, पाणी घातल्या घातल्या खालून निघत असेल तर ते मातीतून गेलेलंच नाही. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली आहे आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बोट दोन पेरं आत घालून बघा, आत कोरडं लागेल. कुंडी घमेल्यातल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, माती खालून पाणी ओढते. मग कडेची फट मातीनं बुजवा.

प्रश्न : एक क्विंटल शाळू आणि २० किलो तूरडाळ भरतो. दरवर्षी जुलैत भुंगा लागतो. (विटा)

उत्तर : अंडी खळ्यावरून किंवा कोठीच्या सांध्यांतून आधीच आलेली असतात, पावसाळी दमट हवेत ती वाढतात. शाळू इंचभर थरात तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे, चेपला तर ओला आहे. उन्हातून उचलून तसाच भरू नका. गरम धान्याला बंद कोठीत घाम सुटतो आणि बुरशी येते. रात्रभर घरात पसरून निवू द्या. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला. ओला पाला फायद्याऐवजी ओल देतो. रोजच्या वापराचा १५ किलोचा डबा वेगळा ठेवा, मोठी कोठी तोंडापर्यंत भरून बंद. तूरडाळीला किलोला ५ मिलिलिटर एरंडेल, म्हणजे तुमच्या डाळीला १०० मिलिलिटर, हातानं चोळा.

विषारी गोळ्या राहत्या घरात नकोत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतली ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. त्याच खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव त्यानं जातो.

प्रश्न : सिलिंडर कधी संपेल कळत नाही, आणि दुसरा वेळेवर मिळेल याची खात्री नाही. (फलटण)

उत्तर : रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. काट्यावरच्या वजनातून ते वजा करा, भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो. काटा नसेल तर ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथं ओल उशिरा वाळते तिथवर गॅस आहे. घेतानाच कडीखालच्या पट्टीवरचं अक्षर बघा : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी त्यापुढचे तीन महिने, शेजारचा आकडा सालाचा. ती तपासणीची मुदत उलटली असेल तर सिलिंडर परत द्या.

प्रश्न : आम्ही नदीकाठी राहतो. मेमध्ये भरलेलं धान्य ऑगस्टमध्ये पुरात जाण्याची भीती वाटते. (सांगली)

उत्तर : सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वर्षी तुमच्या भिंतीवर ओल कुठवर चढली होती ती खूण बघा. एक क्विंटलची एकच कोठी घाईत उचलता येत नाही. तळमजल्यावर धान्य ठेवायचंच असेल तर २० किलोचे पाच डबे करा, प्रत्येक एकट्या माणसाला जिना चढवता आला पाहिजे. बियाणं आणि रेशनकार्ड मेपासूनच वरच्या मजल्यावर ठेवा.