समुद्र नागपुरात नसला तरी

मानेवाड्याहून एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला समुद्री स्पंजांमधून औषधं शोधायचीत. ‘समुद्र इथून ८०० किलोमीटर. हे खूळ कसं काढू? बी.एड.ला घालू का?’

भाऊ, खूळ काढू नका. तिला पोहायला येतं का, याची काळजी सोडा आणि तिचं रसायनशास्त्र किती पक्कं आहे ते बघा.

स्पंज हा समुद्रातला प्राणी, जन्मभर एका जागी चिकटलेला. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. रसायनं हेच त्याचं हत्यार, आणि त्यातली कितीतरी त्याच्या अंगात राहणारे जीवाणू बनवतात. १९५०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात आगळी न्यूक्लिओसाइडं (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडली. त्या रेणूंच्याच धर्तीवर पुढे सायटाराबिन हे औषध तयार झालं. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात ते आजही देतात.

दुसरं उदाहरण तिला जरूर वाचून दाखवा. जपानमध्ये ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हे कर्करोगाच्या पेशी मारणारं रसायन मिळालं अवघं १२.५ मिलिग्रॅम. एवढ्यात औषध कुठून होणार? मग रसायनतज्ज्ञांनी तो अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत जोडून काढला, त्यातला कामाचा भाग हेरला आणि त्यावरून एरिब्युलिन घडवलं. २०१० मध्ये अमेरिकेत ते स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पाणबुड्याचं काम पहिल्या दिवशीच संपलं होतं.

म्हणून तिसऱ्या वर्षी आयआयटी-जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा), मग सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी., नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएच.डी. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिच्यावर नजर ठेवा. वाट लांबची आहे, आणि नुसत्या स्पंजावरच्या नोकऱ्या थोड्या, हे तिला आजच सांगा. पण मिश्रणातून एकेक घटक सुटा करणं, एनएमआर या चुंबकीय तपासणीवरून त्याच्या रेणूची रचना ओळखणं, हे ज्याच्या हातात बसलं त्याला औषध कंपन्यांत काम मिळतं.

सध्या एवढंच करा. वायगावची हळद अल्कोहोलमध्ये भिजवून, कॉलेजच्या सरांच्या देखरेखीखाली तिला त्या अर्काचा ठिपका टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) द्यायला सांगा आणि पट्टीचं टोक द्रावकात उभं करू द्या. पट्टीवरून वर चढणारा हा द्रव नीट जमला तर एका पिवळ्या ठिपक्याचे तीन होतात, सगळ्यात वरचा करक्युमिनचा, म्हणजे हळदीच्या मुख्य पिवळ्या रंगद्रव्याचा. पहिल्यांदा बहुतेक ते एकमेकांत मिसळून ओघळतील. त्या संध्याकाळी ती घरी येऊन ‘उद्या द्रावक बदलून बघते’ म्हणाली, तर जॅमचा फॉर्म भरा.