वाचकांचे प्रश्न : पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत काडतुसाची पितळेची एक लांब, रिकामी पुंगळी आहे. बुडावर ‘के एफ’, ‘४३’ आणि रोमन सात असं उमटलेलं आहे. १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी सोलापुरात गोळीबार झाला, तेव्हा आजोबांनी ती रस्त्यावरून उचलली असं घरात सांगतात. आजोबा गिरणीत होते, पुढे पन्नासच्या दशकात होमगार्डमध्येही जायचे. ही कोणत्या बंदुकीची? आई दर दिवाळीला ती चिंचेनं घासून लख्ख करते.
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : तुमचा फोटो भिंगाखाली धरून पाहिला. पुंगळी थ्री नॉट थ्रीची, म्हणजे .३०३ रायफलीची आहे. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा म्हणून गेली, त्यामुळे बुडाची ती बाहेर आलेली कड मी डोळे मिटूनही ओळखेन. पट्टीनं मोजा, लांबी ५६ मिलिमीटरच्या आसपास भरेल. तोंडातून बॅटरीचा उजेड टाका, तळाशी दोन बारीक भोकं दिसतील. बुडात बसवलेल्या टोपीची, म्हणजे स्फोटक मसाल्याच्या छोट्या वाटीची, ठिणगी त्यातूनच दारूपर्यंत पोचते.

आता अक्षरं. के एफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. इंग्रज खडकीला किर्की म्हणत आणि हा कारखाना १८६९ पासूनचा. रोमन सात म्हणजे मार्क सात, १९१० मध्ये आलेली टोकदार गोळी, वजन १७४ ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. आणि ४३ म्हणजे १९४३.

म्हणजे ही मार्शल लॉची नाही. हे लिहिताना मला जड जातंय. ज्या शहराचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, तिथल्या घरात अशी वस्तू कशी जपली जाते हे मी जाणतो. पण तेरा वर्षांनी घडलेली पुंगळी त्या दिवशी रस्त्यावर पडणार कशी?

ती आली कुठून, हे तुमच्याच पत्रात आहे, असं मला वाटतं. मुंबई प्रांतात होमगार्ड १९४६ च्या डिसेंबरात उभं राहिलं. होमगार्डना शिकवायला थ्री नॉट थ्रीच असायची आणि महायुद्धातला उरलेला दारूगोळा पुढे कितीतरी वर्षं सरावात खर्च झाला. आजोबांनी फायरिंगच्या मैदानावरून एक पुंगळी खिशात घातली असेल. मार्शल लॉही त्यांनी डोळ्यांनी पाहिला असणार. दोन्ही गोष्टी त्यांनीच सांगितल्या आणि नातवंडांनी त्या एकत्र केल्या. आजोबांनी खोटं सांगितलं असं मला मुळीच वाटत नाही.

रायफलीविषयीही विचारलंत. .३०३ चं काडतूस १८८८ चं. सुरुवातीला त्यात काळी दारू ठासलेली असे, नंतर कॉर्डाइट, म्हणजे फारसा धूर न करणारी दारू आली. आमच्या प्रशिक्षणात उभं चिरलेलं एक जुनं काडतूस दाखवायचे. आत कॉर्डाइटच्या काड्या, हुबेहूब शेवयांची जुडी! पुंगळीचा गळा आवळण्याआधी ही जुडी आत सरकवत. कॉर्डाइटच्या उष्णतेनं नळीच्या आतल्या मेटफर्ड पद्धतीच्या उथळ आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल आट्या आल्या. बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, जेम्स पॅरिस ली यांचा, म्हणून नाव ली-एनफिल्ड. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायच्या.

त्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळला की नळीत क्षार उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी फायरिंगनंतर एका रायफलीत नुसतंच तेल फिरवून ठेवलं. आठवड्यानं उस्तादांनी नळी उजेडाकडे धरून मला बघायला लावलं. आत तपकिरी ठिपके होते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आधी उकळतं पाणी, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंधी, मग तेल, हा क्रम मी एकदाही मोडला नाही.

ही रायफल बंगालमध्ये ईशापूरच्या कारखान्यात आपल्याकडेच बनत होती. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात हीच होती आणि समोर चिनी सैन्याकडे स्वयंचलित हत्यारं होती. त्यानंतर ईशापूरनं हाच बोल्ट ठेवून ७.६२ ची ‘टू ए’ काढली. तिचं चौकोनी मॅगझिन बारा गोळ्यांचं, तीच तिची खूण. पोलिसांकडे मात्र थ्री नॉट थ्री राहिलीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

आईंना एवढंच सांगा, आता चिंच नको. फोटोत सातातल्या दोन रेघा पुसट झाल्यात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि आजोबांचं नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या नावे परवान्याची .३१५ रायफल होती. ते नुकतेच वारले. दिसायला ती थ्री नॉट थ्रीसारखीच आहे. गावात एक जण म्हणतो, त्या गोळ्या चालतील. खरं का?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : अजिबात नाही, आणि तो प्रयोग कुणालाही करू देऊ नका. .३१५ ची पुंगळी ५० मिलिमीटरची आणि गोळी जाड. लष्कराच्या मापाची बंदूक सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी हे वेगळं माप चालू केलं. पुढे ईशापूरनं त्याच ली-एनफिल्डच्या बोल्टवर .३१५ बनवली, म्हणून ती तशी दिसते. थ्री नॉट थ्री आजही नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप आहे, तिची जिवंत गोळी घरात ठेवणं हाच गुन्हा.

परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो तुमचा होत नाही. रायफल लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि स्वतःच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करा. उरलेली काडतुसंही सोबत न्या, समोर मोजून घ्या आणि पावतीवर आकडा लिहिल्याशिवाय तिथून हलू नका.