वाचकांचे प्रश्न : मुले शाळेत फरशी का पुसतात?

बालवाडीची निवड कशी करावी, या विषयावर या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मॉन्टेसरी शाळांच्या रोजच्या दिनक्रमाविषयी आणि त्या शाळांतील पालकांच्या सहभागाविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची मुलगी जूनपासून मॉन्टेसरी शाळेत जाते. आज काय केलेस असे विचारले की ती सांगते, पेले धुतले, टेबल पुसले, वाटाणे सोलले. एवढे शुल्क भरून मुलीला घरकाम शिकायला पाठवतेस का, असे सासूबाई विचारतात, तेव्हा मला नीट उत्तर देता येत नाही. (एक आई, नाशिक)

आपल्या मुलीने जे सांगितले, ते तिच्या शाळेतील अभ्यासाचेच वर्णन आहे. या कामांना जीवनव्यवहाराचे शिक्षण म्हणतात आणि तीन ते चार वर्षांच्या मुलांच्या दिवसाचा मोठा भाग त्यातच जावा, अशी या पद्धतीची योजना आहे.

टेबल धुण्याचे काम जवळून पाहिले, तर त्यात काय काय आहे ते कळते. मूल प्रथम एप्रन बांधते, मांडणीवरून साहित्य एकेक करून आणते, लहान तांब्यात अर्ध्यापर्यंतच पाणी भरते, कारण काठोकाठ भरले तर ते चालताना सांडते, हे त्याला आधीच कळलेले असते. मग स्पंज भिजवून पिळायचा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असे टेबल ओले करायचे, ब्रशला साबण लावून घासायचे, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसायचे, कोरड्या फडक्याने कोरडे करायचे, मळके पाणी बादलीत ओतायचे, जमिनीवर पडलेले थेंब टिपायचे आणि सगळे साहित्य पुढच्या मुलासाठी जागच्या जागी ठेवायचे. इतक्या पायऱ्या क्रमाने लक्षात ठेवणे ही साडेतीन वर्षांच्या मुलासाठी मोठी बौद्धिक कामगिरी आहे. डावीकडून उजवीकडे जाणारा हात पुढे त्याच दिशेने लिहिणार आहे, स्पंज पिळणारे मनगट पेन्सिल फिरवणार आहे आणि वाटाण्याची शेंग चिमटीत धरणारी तीन बोटे पेन्सिलही तशीच धरणार आहेत. मोठी माणसे टेबल स्वच्छ व्हावे म्हणून धुतात. मूल धुण्यासाठी धुते, आणि म्हणूनच नुकतेच लखलखीत झालेले टेबल ते पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी लहान मुलांच्या या पुनरावृत्तीकडे फार बारकाईने पाहिले आणि मूल एकाग्र असताना त्याला मध्येच थांबवू नये, हा शिक्षिकांसाठीचा एक मुख्य नियम ठरवला.

या शाळांत पेले काचेचे आणि बशा चिनी मातीच्या असतात, याचेही पालकांना नवल वाटते. प्लॅस्टिकचा पेला कसाही टाकला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे जपून हाताळण्याचे कारणच उरत नाही. काचेचा पेला पडून फुटला, तर ताई रागावत नाहीत. त्या मुलांना बाजूला थांबवतात, काचा स्वतः गोळा करतात आणि सांडलेले पाणी मात्र मुलाला पुसू देतात.

सासूबाईंना मात्र याहून सोपे उत्तर देता येईल. आपल्या मुलीने सोललेले वाटाणे त्याच दिवशी सर्वांच्या खाऊत पडतात, तिने धुऊन वाळत घातलेले रुमाल दुसऱ्या दिवशी वर्गातील इतर मुले वापरतात. आपल्या कामाचा दुसऱ्या कोणाला तरी उपयोग झाला, हे तिला दिसते. नातवंडांना जवळ बसवून तांदूळ निवडायला देणाऱ्या, कणकेचा गोळा हातात देणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे लागणार नाही, असे मला वाटते. घरीही तिच्या उंचीवर एक खुंटी, एक लहान तांब्या आणि एक फडके ठेवावे. तिने पुसलेली जागा तिच्या देखत पुन्हा पुसू नये.

प्रश्न : माझा नातू नुकताच तीन वर्षांचा झाला. त्याच्या वर्गात सहा वर्षांपर्यंतची मुले आहेत, आणि प्रत्येक साहित्य वर्गात एकच आहे असे समजले. मोठी मुले लहानांना दाबून टाकणार नाहीत का? आणि प्रत्येकाला आपले साहित्य मिळावे, एवढी सोय शाळा का करत नाही? (एक आजोबा, सांगली)

शाळा गैरसोय करत नाही. साहित्य एकच ठेवणे हा विचारपूर्वक केलेला भाग आहे. गुलाबी मनोऱ्याचे उदाहरण घेऊ. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन मूल एकेक करून चटईवर आणते आणि मोठ्यापासून लहानापर्यंत रचते. दुसऱ्या मुलाला तोच मनोरा हवा असेल, तर त्याने पहिल्याचे काम पुरे होईपर्यंत थांबायचे किंवा दुसरे काम निवडायचे. जवळ बसून पाहायला मात्र त्याला मोकळीक असते, फक्त हात लावायचा नाही. एकदा मनोरा मांडणीवर परत गेला की तो कोणाचाही. वाट पाहणे, विचारणे, नकार ऐकून घेणे आणि दुसऱ्याच्या चटईला वळसा घालून चालणे हे सगळे मूल रोज अनेकदा करते, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मनोरा दिला असता, तर यातले काहीच घडले नसते.

वेगवेगळ्या वयांविषयी आपली काळजी रास्त आहे. जूनमध्ये नवी मुले आली की काही आठवडे वर्गात रडणे, ओढाताण, ढकलाढकली असते आणि दिवाळीपर्यंत वर्गाची घडी बसत नाही, असे पुष्कळ शिक्षिका सांगतात. एखादे मूल दुसऱ्याला मारत असेल किंवा साहित्य फेकत असेल, तर ताईंनी ते तत्काळ आणि ठामपणे थांबवलेच पाहिजे. मुलांना मोकळे सोडणे म्हणजे काहीही करू देणे, असा अर्थ या पद्धतीत कुठेही नाही. घडी बसल्यावर मात्र नातवाच्या बुटाची नाडी ताईंऐवजी एखादी पाच वर्षांची मुलगी बांधून देत असेल. त्या मुलीला आपले आलेले पक्के करण्याची संधी मिळते आणि नातवाला, आपल्यालाही दोन वर्षांनी हे येणार, हे डोळ्यांसमोर दिसते. घरात एकुलते एक असलेल्या मुलांसाठी तर मला हा या शाळांचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

एखाद्या दिवशी शाळेत शांततेचा खेळ असेल तेव्हा जाऊन पाहावे. रोममधील पहिल्या बालगृहात मॉन्टेसरीबाई एकदा चार महिन्यांचे तान्हे मूल घेऊन आल्या आणि ते किती शांत आहे, त्याच्या श्वासाचाही आवाज येत नाही, हे त्यांनी मुलांना दाखवले. तेथून हा खेळ सुरू झाला. सर्व मुले निश्चल बसतात, घड्याळाची टिकटिक, बाहेरचा पक्षी असे आवाज ऐकतात आणि मग ताई दुरून अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेतात. ज्याचे नाव येईल त्याने आवाज न करता उठून जायचे. एकाने जरी हालचाल केली तरी शांतता मोडते, म्हणून तीन वर्षांचे मूलही येथे सर्वांसाठी स्वतःला आवरते.

प्रश्न : आमच्या मुलाच्या शाळेत स्नेहसंमेलन नाही, गृहपाठ नाही, पण पालकांना मात्र वारंवार बोलावणे असते. कधी साहित्य दुरुस्तीसाठी, कधी वर्गाचे निरीक्षण करण्यासाठी. नोकरी करणाऱ्या आईवडिलांकडून ही अपेक्षा योग्य आहे का? (एक वडील, ठाणे)

पालकांना बोलावण्याची प्रथा पहिल्या शाळेइतकीच जुनी आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीतील एका चाळवजा इमारतीत पहिले बालगृह सुरू झाले, ते दिवसभर कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठीच. तेथे शुल्क नव्हते, पण अटी होत्या : मुलांना स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत पाठवावे, शिक्षिकेचा मान राखावा आणि आठवड्यातून निदान एकदा आईने तिच्याशी मुलाविषयी बोलावे. शिक्षिका त्याच इमारतीत राहत असे, त्यामुळे आईला कामावरून परतताना तिला भेटणे शक्य होते. आजच्या शाळेनेही हा दुसरा भाग विसरता कामा नये. सकाळी अकराची सभा ठेवून पालक येत नाहीत अशी तक्रार करणे बरोबर नाही. शनिवार, सायंकाळ किंवा घरी नेऊन करण्याजोगे काम, असे पर्याय शाळेने द्यावेत, आणि आपण ते निःसंकोचपणे मागावेत.

काम मात्र टाळू नये. सोनेरी मण्यांच्या दहाच्या सुटलेल्या माळा पुन्हा तारेत ओवणे, खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे पाटीवर चिकटवणे, हातरुमालांना काठ घालणे, बागेतील वाफे नीट करणे, ही कामे पालकांनी केली की दोन गोष्टी साधतात. शाळेचा खर्च वाचतो, ही लहान गोष्ट. वडिलांनी ‘क’ हे अक्षर स्वतः कापून त्यावरून बोट फिरवून पाहिले की घरी मुलाच्या हातात वेळेआधी पेन्सिल आणि दुरेघी वही देण्याची घाई ते करत नाहीत, ही मोठी गोष्ट. निरीक्षणाला गेल्यावर कोपऱ्यातील खुर्चीवर शांत बसावे, आपल्या मुलाला खुणा करू नयेत आणि केवळ आपल्याच मुलाकडे न पाहता वर्ग कसा चालतो ते पाहावे.

स्नेहसंमेलनाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांकडून ध्वनिवर्धकाच्या गाण्यांवर आठवडेच्या आठवडे नाच बसवून घेण्यात त्यांच्या सकाळच्या सलग तीन तासांच्या कामाचा बळी जातो, आणि त्या नाचाचा आनंद मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक असतो. याचा अर्थ शाळेत सण नसावेत असा नाही. नवरात्रात पाटावर हत्ती मांडून मुलांनी फेर धरावा, खिरापत त्यांनीच वाटावी, गणपतीपूर्वी शाडू मळावा, आजी-आजोबांनी येऊन जात्यावर दळण दाखवावे. यांत पाहणारे आणि करणारे असे दोन गट पडत नाहीत.

अनेक मॉन्टेसरी शाळांतील वाढदिवसाची रीत तर घरीही करून पाहण्याजोगी आहे. मधोमध सूर्य म्हणून एक दिवा ठेवतात. वाढदिवसाचे मूल हातात पृथ्वीचा लहान गोल घेऊन, जितकी वर्षे पूर्ण झाली तितक्या फेऱ्या दिव्याभोवती सावकाश घालते आणि प्रत्येक फेरीला आई किंवा वडील त्या वर्षी काय घडले ते सांगतात : या वर्षी तू रांगायला लागलास, या वर्षी तुला बहीण झाली. या एका कार्यक्रमासाठी तरी अर्ध्या दिवसाची रजा अवश्य काढावी.

प्रश्न : मी आदिवासी पाड्यावरील अंगणवाडीत सेविका आहे. मॉन्टेसरीचे लाकडी साहित्य आमच्याकडे नाही आणि ते घेणे परवडणारही नाही. ही पद्धत शहरातील सुखवस्तू मुलांसाठीच आहे, असे समजायचे का? (एक सेविका, जव्हार तालुका)

ताई, आपण ज्या भागात काम करता, त्याच भागात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी प्रत्यक्ष कामातून दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत मॉन्टेसरींच्या विचारांवर काम केले आणि १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. महागडे साहित्य आणि शहरी वातावरण यांत बालशिक्षण अडकून पडते आहे, हे ताराबाईंना जाणवले आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या प्रयोगातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. म्हणजे आपण या परंपरेच्या बाहेर नाही, आपण तिच्या वारसदार आहात.

साहित्याचे काम गुणांवर चालते, लाकडावर नव्हे. लहान-मोठेपणा, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके, रंगांच्या छटा, आवाजांतील फरक हे गुण एकेक करून वेगळे दाखवता आले की झाले. चिंचोके, शिंपले, गोटे, बांबूचे एकाच जाडीचे पण चढत्या लांबीचे तुकडे, सारख्या डब्यांत भरलेले तांदूळ, वाळू आणि खडे यांचे आवाज, ही सर्व उत्तम साधने आहेत. फक्त दोन पथ्ये पाळावीत. बांबूचे तुकडे करताना लांबी खरोखर मोजून चढती ठेवावी, म्हणजे रचना चुकली तर ती मुलालाच दिसेल, आपल्याला सांगावी लागणार नाही. आणि प्रत्येक साहित्याची टोपली ठरलेल्या जागी, मुलाच्या हाताला येईल अशी ठेवावी. पोषण आहाराच्या वेळी ताटे मांडणे, पाणी वाढणे, हात धुण्यासाठी रांगेने जाणे आणि शेवटी जागा झाडून घेणे ही कामे मुलांकडे सोपवली, तर नाशिकच्या ज्या आईचे पत्र वर आले आहे, तिच्या मुलीला शाळेत जे मिळते, तेच आपल्या मुलांना मिळेल. आपल्याकडे तर भूक, अन्न आणि पंगत तिन्ही खरी आहेत.

प्रश्न : आमच्या परिसरात अनेक शाळांवर मॉन्टेसरी अशी पाटी आहे. खरी कोणती, हे कसे ओळखावे? (एक पालक, पुणे)

हे नाव कोणालाही लावता येते, त्यामुळे पाटीवर विसंबू नये. शिक्षिकांचे प्रशिक्षण कोठे आणि किती काळाचे झाले, ते विचारावे. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्या काळात त्यांनी येथील शेकडो शिक्षकांना स्वतः प्रशिक्षण दिले, त्यामुळे प्रशिक्षणाची चांगली परंपरा आपल्या देशात आहे. त्यानंतर सकाळी दहाच्या सुमारास वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. सर्व मुले एकाच वेळी एकच काम करत असतील, साहित्य काचेच्या कपाटात बंद असेल किंवा ताईंचा आवाज सतत ऐकू येत असेल, तर दुसरी शाळा पाहावी. मांडणी मुलांच्या उंचीची असेल, चटया जागोजाग पसरलेल्या असतील, कोणी केळ्याचे काप करत असेल, कोणी अक्षरावरून बोट फिरवत असेल आणि ताई कोठे आहेत हे आपल्याला शोधावे लागले, तर शुल्काची चौकशी करायला हरकत नाही.