वरच्या दुधावरून पुन्हा अंगावर

प्रश्न : माझे बाळ सात आठवड्यांचे आहे. वेळेआधी जन्मल्यामुळे पहिले बारा दिवस ते काचेच्या पेटीत होते आणि तिथेच त्याला बाटलीची सवय लागली. आता अंगावर घेतले की ते पाठीची कमान करून रडते. त्याला माझे दूध नकोसे झाले आहे का?

उत्तर : दूध नकोसे झालेले नाही, ते मिळवण्याची रीत त्याला अनोळखी आहे. बाटलीचे बूच ओठांना लागताच दूध तोंडात पडते. अंगावर मात्र पान्हा फुटेपर्यंत मिनिटभर चोखावे लागते आणि त्यासाठी जांभई देताना उघडते तेवढे तोंड उघडावे लागते. म्हणून पहिले काही दिवस पाजण्याचा आग्रह सोडा आणि बाळाला लंगोटावर, तुमच्या उघड्या छातीशी, जमेल तितका वेळ निवांत धरून ठेवा. भुकेने कळवळलेले बाळ नवे काही शिकत नाही. ते अर्धवट झोपेत असताना, किंवा नुसते ओठ चाटू लागलेले असताना अंगावर घ्या, आणि आधी हाताने दाबून स्तनाग्रावर दुधाचा एक थेंब येऊ द्या. नीट पकड बसली की हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठापलीकडे जास्त दिसतो. तुम्हाला सतत दुखत असेल, तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

या काळात वरचे दूध बंद करू नका, बाटली तेवढी बाजूला ठेवा. वाटी-चमचा चालेल, किंवा घरात जुने बोंडले असेल तर ते उकळून घ्या. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवून बाळाला आपणहून दूध चाटू द्यावे, घशात ओतू नये.

प्रश्न : पंपाने जेमतेम २० मिली दूध निघते. बाळ दोन महिन्यांचे आहे, संध्याकाळी सारखे रडते. सासूबाई म्हणतात, ‘हिला दूधच नाही’, आणि रात्री ६० मिली पावडरचे दूध देतात.

उत्तर : पंपात आलेले दूध म्हणजे बाळाला मिळणारे दूध नव्हे, चांगली पकड असलेले बाळ पंपापेक्षा पुष्कळ जास्त ओढते. संध्याकाळची किरकिर या वयात भरपूर दूध असलेल्या घरांतही असते. विश्वास ठेवावा तो लंगोटांवर आणि वजनावर : २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी, आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ. वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर करा.

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो. भरलेला स्तन शरीराला ‘आता पुरे’ असे सांगतो आणि रिकामा होणारा ‘आणखी हवे’ असे सांगतो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, म्हणजे जी वेळ सर्वांत मोलाची, तिथेच नेमकी पावडर येते. तरीही वजन खरोखरच वाढत नसेल, तर ते दूध अचानक बंद करू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्वतःची थायरॉइड व हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटते, तेव्हा त्या चालू असल्यास तसे सांगा.

प्रश्न : आजारपणात पाच आठवडे अंगावरचे दूध तुटले. बाळ आता तीन महिन्यांचे आहे. दूध परत येते का?

उत्तर : बहुतेकदा येते, किती येईल हे मात्र आधी सांगता येत नाही. आजारपणातली औषधे अजून चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मग दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, दर वेळी दोन्ही बाजूंना, बाळाला चोखायला लावा. कोरड्या स्तनाशी बाळ फार वेळ टिकत नाही, म्हणून वाटीतल्या दुधात बारीक फीडिंग ट्यूबचे एक टोक ठेवून दुसरे स्तनाग्राशी चिकटपट्टीने बसवतात. बाळ चोखते स्तन, दूध येते नळीतून, आणि शरीराला हवा तो संदेश मिळतो. वाटी वर धरली की धार वाढते, खाली घेतली की मंदावते. पहिल्यांदा ही नळी डॉक्टर किंवा परिचारिकेच्या देखरेखीखालीच लावा आणि दर वेळी स्वच्छ करा. काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, थेंब दिसू लागतात. वजन आणि लघवी ठीक असेल तरच दर काही दिवसांनी दिवसभराच्या वरच्या दुधातून साधारण ५० मिली कमी करा. पावडरीत पाणी वाढवून ‘कमी’ करणे घातक आहे. काहींचे वरचे दूध पूर्ण सुटत नाही. तरी जेवढे अंगावरचे मिळते, तेवढ्याचा बाळाला लाभ होतोच.

प्रश्न : सुनेसाठी हळिवाचे लाडू आणि शतावरी कल्प सुरू केले आहे. दुधाच्या गोळ्याही आणाव्यात का?

उत्तर : लाडू जरूर करा, बाळंतिणीला त्या भुकेच्या दिवसांत अन्न हवेच, पण दिवसातून चारदाच पाजणाऱ्या आईचे दूध लाडवांनी वाढत नाही. गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणू नका. यासाठी दिल्या जाणाऱ्या डोम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. त्यापेक्षा पहाटेच्या पाजण्यानंतर ढेकर काढायला बाळ तुमच्या खांद्यावर घ्या आणि सुनेला दोन तास सलग झोपू द्या.