निओफेचमध्ये स्वतःचं चित्र का दिसत नाही?

प्रश्न : निओफेच म्हणजे टर्मिनलवर लोगोसह संगणकाची माहिती दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये माझ्या चित्राचा पाथ (पत्ता) दिला, तरी टर्मिनलवर अक्षरांचा लोगोच येतो. काय चुकतंय?

उत्तर : नुसता पाथ पुरत नाही. त्याच फाइलमध्ये 'इमेज बॅकएंड' (image_backend, म्हणजे चित्र कशाने दाखवायचं) ही ओळ मुळात 'आस्की'वर (ascii, म्हणजे अक्षरांचं चित्र) असते. ती बदलेपर्यंत लोगोच येणार. बदलून काय लिहायचं, हे तुमच्या टर्मिनलवर ठरतं. किटी टर्मिनल असेल तर 'किटी' (kitty) लिहा आणि इमेजमॅजिक हा चित्रं हाताळणारा प्रोग्राम इन्स्टॉल करा. 'डब्ल्यूथ्रीएम' (w3m) हा पर्याय खिडकीवर चित्र थेट रंगवतो. लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन प्रणाली आहेत, जुनी एक्स-इलेव्हन आणि नवी वेलँड. त्यामुळे तो एक्स-इलेव्हनवर चालतो, वेलँडवर नाही. शिवाय डेबियन-उबुंटूत त्याचं चित्रांचं पॅकेज वेगळं असतं, तेच बहुतेक वेळा राहून जातं.

एवढं करूनही लोगोच आला, तर कमांडनंतर 'उणे व्ही' (-v) जोडून चालवा. चूक झाली की निओफेच गुपचूप आस्कीवर जातो. या पर्यायाने खरं कारण छापलं जातं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे आधी करावं. टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत असाल तर बाहेर येऊनही पाहा, कारण चित्राचे संकेत तिथे अडतात. फाइल बदलूनही जुनंच चित्र येत असेल तर 'क्लीन' (--clean) पर्यायाने साठवलेले थंबनेल (चित्राच्या छोट्या प्रती) पुसा.

मात्र निओफेचचा विकास 2024 मध्ये अधिकृतपणे थांबला. नव्याने मांडणी करणार असाल तर आम्ही फास्टफेच हा तसाच दुसरा प्रोग्राम सुचवू. त्यात लोगोचा प्रकार 'चाफा' (chafa) ठेवला की चित्र रंगीत अक्षरांत उमटतं, आणि ते साध्या टर्मिनलवरही दिसतं.