वाटाणा सुरकुततो कशामुळे? : वाचकांचे प्रश्न, जेनेटिक्सची उत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न जेनेटिक्सचे आहेत आणि ते वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, मेंडेलचा धडा आणि डीएनएचा धडा तुम्ही मुलं दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवताय. एका कप्प्यात कॅपिटल आर, स्मॉल आर (एकाच जीनची दोन रूपं) आणि आई-वडिलांच्या जीनच्या जोड्या मांडायचा चौकोन काढणं, दुसऱ्यात ट्रान्सक्रिप्शन-ट्रान्सलेशन (डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन) पाठ करणं. अहो, तो स्मॉल आर म्हणजे डीएनएचाच एक तुकडा आहे आणि त्यात नेमकं काय बिघडलंय तेही आज माहीत आहे. त्यामुळे उत्तरं देताना मी मुद्दाम खाली रेणूपर्यंत जाणार आहे, थोडं लांबेल पण चालेल.

प्रश्न : मॅडम, डॉमिनंट जीन रिसेसिव्ह जीनला दाबतो असं आम्हाला सांगितलंय. पण दाबतो म्हणजे नक्की करतो काय? आणि तो डॉमिनंट आहे तर काही पिढ्यांनी सगळीकडे तोच का उरत नाही? (एक विद्यार्थिनी)

दाबणं वगैरे काही होत नाही गं. डॉमिनंट म्हणजे एकच कॉपी असली तरी ज्याचा गुण दिसतो तो, रिसेसिव्ह म्हणजे ज्याचा गुण दिसायला दोन्ही कॉप्या त्याच्याच लागतात तो. दोन्ही जीन आपापल्या क्रोमोसोमवर असतात, एक दुसऱ्याला काही करत नाही. प्रश्न एवढाच असतो की कोणत्या जीनवरून कामाचं प्रोटीन बनतं, कोणत्यावरून बनत नाही, आणि एकाच जीनच्या जोरावर काम भागतं का.

मेंडेलचाच गोल आणि सुरकुतलेला वाटाणा घेऊ. १८६६ साली छापलेल्या पेपरमध्ये त्याने दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाल्याचं दिलंय, भागाकार केलास तर २.९६ येतो, म्हणजे जवळजवळ तीनास एक. पण ती सुरकुती डीएनएमधल्या कोणत्या बिघाडाने पडते हे कळायला १९९० साल उजाडलं. वाटाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं, सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या एन्झाइमच्या जीनमध्येच सुमारे ८०० बेसचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा) एक उपरा तुकडा येऊन घुसलाय, त्यामुळे ते एन्झाइम धड बनत नाही. मग पुढे काय काय होतं बघ, स्टार्च कमी बनतो, साखर तशीच साठून राहते, साखर जास्त म्हणून ऑस्मोसिसने पाणी जास्त शिरतं, दाणा कोवळा असताना चांगला टम्म फुगतो, आणि पिकून वाळायला लागला की ते पाणी उडून जातं, आत ऐवज कमी आणि वरची साल मोठी, पडल्या सुरकुत्या! स्मॉल आर म्हणजे हे एवढं सगळं.

आता एक कॅपिटल आणि एक स्मॉल आर असलेला दाणा घे. त्यात एक जीन चांगला आहे, त्याच्यावरून बनणाऱ्या एन्झाइमने स्टार्च पुरेसा होतो, दाणा गोल दिसतो. आणि मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे, त्याच गोल दाण्यातला स्टार्च मायक्रोस्कोपखाली बघितलास तर कणांचा आकार दोघांच्या मधला दिसतो. म्हणजे जीन तोच, पण दाणा बघितला तर पूर्ण डॉमिनन्स आणि स्टार्चचे कण बघितले तर अपूर्ण. डॉमिनंट-रिसेसिव्ह हे आपण कुठल्या पातळीवर बघतोय त्यावर ठरतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा धडा सोपा होतो.

राहिला दुसरा भाग. डॉमिनंट म्हणजे जास्त आढळणारा असं अजिबात नाही. हंटिंग्टनचा आजार डॉमिनंट आहे आणि तरी दुर्मिळ आहे, तिथे बिघडलेलं प्रोटीन स्वतःच मेंदूतल्या पेशींना अपाय करतं म्हणून दुसरी कॉपी चांगली असून भागत नाही. ओ रक्तगट रिसेसिव्ह, आणि जगात सगळ्यात जास्त लोकांचा तोच. जीनचं प्रमाण बदलतं ते नैसर्गिक निवडीने, म्युटेशनने, बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे किंवा लोकसंख्या लहान असली तर निव्वळ योगायोगाने. नुसतं डॉमिनंट असल्याने ते वाढत नाही, हे हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी १९०८ मध्ये वेगवेगळं दाखवून दिलंय.

प्रश्न : टेम्पलेट स्ट्रँड (डीएनएची जी पट्टी बघून आरएनए बनते ती) दिली की एमआरएनए (प्रोटीनचा निरोप नेणारी आरएनए) लिहायला सांगतात, मी जोड्या बरोबर लावतो तरी उत्तर चुकतं. उदाहरणार्थ पाच प्राइम, टीटीए जीएए सीटीसी सीएटी, तीन प्राइम. माझं उत्तर आलं एएयू सीयूयू जीएजी जीयूए. काय चुकलं? (एक विद्यार्थी)

जोड्या अगदी बरोबर आहेत रे, दिशा सुटली. पाच प्राइम आणि तीन प्राइम ही साखळीच्या दोन टोकांची नावं, डीएनएच्या दोन स्ट्रँड उलट्या दिशेने धावतात आणि नवीन बनणारी आरएनएसुद्धा तिच्या टेम्पलेटच्या उलटच असते. तू जे लिहिलंस ते डावीकडून तीन प्राइमपासून सुरू होतंय, पण प्रोटीन बनवणारा रायबोसोम वाचतो पाच प्राइमकडून. म्हणून तुझीच ओळ उजवीकडून डावीकडे वाच : एयूजी जीएजी यूयूसी यूएए. आता कोडॉन टेबल, म्हणजे तीन अक्षरांचा कोणता कोडॉन कोणतं अमायनो आम्ल देतो तो तक्ता, लाव. मेथिओनिन, ग्लुटामिक अॅसिड, फिनाइलअॅलनिन, आणि स्टॉप. सुरुवातीला स्टार्ट कोडॉन आला, शेवटी स्टॉप आला, अशा छोट्या पूर्ण उदाहरणात हीच तपासणीची सोपी खूण. तुझ्या मूळ उत्तरात स्टार्टही नव्हता आणि स्टॉपही नव्हता, तिथेच शंका यायला हवी होती.

दिशेचा हा नियम कुणी हौसेने केलेला नाही. आरएनए पॉलिमरेज नवीन न्यूक्लिओटाइड जोडतं ते साखळीच्या तीन प्राइम टोकाला असलेल्या ओएच गटाला, दुसऱ्या टोकाला त्याला जोडताच येत नाही, म्हणून साखळी पाच प्राइमकडून तीन प्राइमकडे वाढते आणि टेम्पलेट आपोआप उलटी वाचली जाते. डीएनए पॉलिमरेजचंही तेच, आणि त्यापायी रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल होताना, एक स्ट्रँड सलग बनते आणि दुसरी तुकड्या-तुकड्यांनी, तेच ओकाझाकी तुकडे. एक नियम समजला की तीन गोष्टींचं पाठांतर वाचतं.

आणि तुझ्या उदाहरणात जीएजी आलाय म्हणून सांगते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, सुरुवातीचा मेथिओनिन सोडून मोजलं तर, सहावा कोडॉन हाच, जीएजी. त्यातल्या मधल्या ए च्या जागी यू आला की जीयूजी होतो, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक अॅसिडवर चार्ज असतो, पाण्यात ते मजेत राहतं, व्हॅलिन पाणी टाळतं, त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा सिकल सेल आजार. प्रोटीनमधला हा एका अमायनो अॅसिडचा फरक शास्त्रज्ञ इनग्रॅम यांनी १९५७ च्या सुमाराला शोधला, तेव्हा कोडॉन टेबल तयारसुद्धा नव्हतं.

प्रश्न : आम्ही दोघंही थॅलेसेमियाचे कॅरिअर आहोत. मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. चारात एक असा हिशोब सांगितला होता, म्हणजे आता पुढचं मूल निरोगी असेल ना? आणि घरात हे माझ्याकडून आलं असं बोललं जातं, ते खरं आहे का? (एक आई)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. ते खरं नाही. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा रक्ताचा आजार, मेजर म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, आणि कॅरिअर म्हणजे ज्याच्याकडे जीनची एकच कॉपी बिघडलेली आहे असा माणूस. मेजर होण्यासाठी बिघडलेल्या दोन कॉप्या लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, एकट्या तुमच्याकडून हा आजार येऊच शकला नसता. कॅरिअर माणूस स्वतः ठणठणीत असतो, तपासणी केल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नसतो, त्यामुळे यात कुणाचाच दोष नाही आणि कुणी तो तुमच्या माथी मारत असेल तर हे उत्तर त्यांना जरूर वाचायला द्या.

आता हिशोबाचं. चारात एक हा आकडा दर गरोदरपणाला नव्याने लागू होतो. पहिल्या वेळी काय झालं याची नोंद पुढच्या बीजांडात किंवा शुक्रपेशीत कुठेच नसते. म्हणून पुढच्या बाळालाही मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, कॅरिअर असण्याची ५० टक्के आणि दोन्ही कॉप्या चांगल्या असण्याची २५ टक्के. चार मुलं असली तर चौघंही आजारापासून सुटण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के येते, म्हणजे चारातलं एक ठरलेलं असतंच असंही नाही.

पण आज तुम्हाला नुसत्या शक्यतेवर बसून राहावं लागत नाही. तुमच्या दोघांच्या जीनमधले नेमके बदल आधी शोधून ठेवले तर गरोदरपणाच्या साधारण १० ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. हे आधी ठरवून करायचं असतं, म्हणून शक्यतो गरोदरपणाच्या आधीच जेनेटिक काउन्सेलरना दोघांनी मिळून भेटा.

विद्यार्थ्यांसाठी याच कुटुंबावरून एक प्रश्न, जो परीक्षेत हमखास चुकतो. या जोडप्याला पुढे निरोगी मूल झालं तर ते कॅरिअर असण्याची शक्यता किती? अर्धी नाही, दोन तृतीयांश. कारण मूल निरोगी आहे हे कळल्यावर चौकोनातलं एक घर बाद झालं, उरलेल्या तीन घरांपैकी दोन कॅरिअरची आहेत.

प्रश्न : क्रोमोसोम जास्त म्हणजे जीव जास्त प्रगत का?

नाही. माणसात ४६, बटाट्यात ४८, आणि एका जातीच्या फर्नमध्ये १२६०.

प्रश्न : आई-वडील दोघांचाही रक्तगट ओ असेल तर मूल ए गटाचं होऊच शकत नाही असं मी वर्गात शिकवतो. एका विद्यार्थ्याने अपवाद विचारला. आहे का? (एक शिक्षक)

आहे सर, आणि विद्यार्थ्याने विचारलं हे फार छान झालं. ए, बी, ओ चा जीन हा एका एन्झाइमचा जीन आहे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाची साखरेची साखळी असते, ए प्रकारचं एन्झाइम तिच्या टोकाला एक साखर लावतं, बी प्रकारचं दुसरी लावतं, या दोन एन्झाइममध्ये फरक फक्त चार अमायनो अॅसिडचा. ओ च्या नेहमीच्या जीनमध्ये एक बेस गळालेला असतो, त्यामुळे पुढची सगळी तीन-तीनची वाचनचौकट सरकते आणि एन्झाइम निकामी होतं, एच तसाच उघडा राहतो.

पण एच साखळी तयार करणारा जीन वेगळाच आहे, वेगळ्या क्रोमोसोमवर. तोच दोन्ही कॉप्यांत बिघडलेला असेल तर एच बनतच नाही, मग ए चं एन्झाइम असूनही साखर लावणार कशाला? तपासणीत अशी व्यक्ती ओ दिसते पण तिच्याकडे ए चा जीन शाबूत असतो. तिचं मूल, दुसऱ्या पालकाकडून चांगला एच जीन मिळाल्यावर, ए गटाचं निघू शकतं. हा बॉम्बे रक्तगट, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत त्याचं वर्णन केलं. एका जीनचा परिणाम दुसऱ्यामुळे झाकला जातो त्या एपिस्टॅसिसचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. या लोकांना साधं ओ रक्तही चालत नाही, कारण त्यांच्या शरीरात एच विरुद्ध अँटिबॉडी असतात. वर्गात एवढं जरूर सांगा की नुसत्या रक्तगटावरून कुणाच्या आई-वडिलांबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो.

प्रश्न : कांदा वाटून त्यात मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि गार अल्कोहोल घातलं की पांढरे धागे वर येतात. ते खरंच डीएनए असतं का? डीएनए तर दिसत नाही म्हणतात. (विद्यार्थ्यांचा एक गट)

डीएनए असतं, पण एकटं नसतं. एका रेणूची रुंदी दोन नॅनोमीटर, तो डोळ्याला दिसणं शक्यच नाही, तुम्हाला दिसतो तो अगणित रेणूंचा एकमेकांत अडकलेला पुंजका, आणि त्यात आरएनए, प्रोटीन, पेशीभित्तिकेतलं पेक्टिन असं बरंच काही चिकटून आलेलं असतं. लांबीची कल्पना हवी तर माणसाच्या एका पेशीतलं डीएनए सरळ केलं तर सुमारे दोन मीटर भरतं.

कोण काय करतं ते बघा. लिक्विड पेशीची आणि केंद्रकाची पडदी फोडतं कारण ती स्निग्ध पदार्थांची असते. डीएनएच्या फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते पाण्यात खुशाल विरघळून राहतं, मिठातला सोडियम तो चार्ज झाकतो, आणि वरून अल्कोहोल आलं की डीएनएला विरघळून राहायला जागाच उरत नाही, ते बाहेर पडतं. म्हणून मीठ विसरलात तर धागे नीट येत नाहीत. एकदा मुद्दाम बिनमिठाचं करून शेजारी ठेवा.

खात्री करायची असेल आणि लॅब हाताशी असेल तर धाग्यांचे दोन भाग करून पाण्यात मिसळा, एकात डीएनए तोडणारं एन्झाइम, म्हणजे डीएनेज, थोड्या मॅग्नेशियमसकट घाला, दुसऱ्यात तेच एन्झाइम उकळून निकामी करून घाला, आणि काही वेळाने दोन्हींत परत गार अल्कोहोल ओता. पहिल्यात धागे खूप कमी झाले आणि दुसऱ्यात तसेच आले तर तेवढं डीएनए होतं, आणि पहिल्यात जे उरलं ते दुसरं काहीतरी. अल्कोहोल मात्र नळीच्या कडेने हळू सोडा आणि ढवळू नका, धागे तुटतात.